तीन आठवड्यांनी लहान

सोनोग्राफीला जाताना पोटात पाणी भरून न्यायचं असतं, हे ठीक. पण ते पाणी कुठं प्यायचं, हे कोणी नीट सांगायला नको? गावच्या नर्सबाई म्हणाल्या, "चार गिलास पाणी पिऊन जाजो, फोटो साफ येते." माझ्या सासूबाईंनी ते मनावर घेतलं. घरूनच मला चार गिलास पाजले, वर आपल्या मनानं एक जास्तीचा, आणि मग यवतमाळला जाणाऱ्या जीपमध्ये बसवलं. घाटंजीकडून यवतमाळला येणारा तो रस्ता तेव्हा कसा होता, हे ज्याला माहीत आहे त्यालाच माझी दया येईल.

एकेका खड्ड्याला माझा जीव कंठाशी येत होता आणि सासूबाई माझ्या पोटावर हात ठेवून ड्रायव्हरवर ओरडत होत्या, "हळू ने ना रे बाप्पा! पोटुशी बाई हाय गाडीत, ज्वारीचं पोतं नोहे!" झालं. आत कोंबलेल्या आणि मागं लटकलेल्या सगळ्यांना कळलं. एका म्हातारबांनी उतरताना मला हात वर करून आशीर्वाद दिला. मी लाजेनं लाल, पण आतून अशी खूश की काय सांगू! लेकरू दिसणार होतं. पोटात असताना दिसणार होतं!

मी मुळात यवतमाळचीच. वडील सरकारी कचेरीत कारकून, घरात कोणाच्या पायाला शेताची माती लागलेली नाही. मला दिलं ते घाटंजीच्या अलीकडच्या एका गावात, कापूस आणि तूर पिकवणाऱ्या घरी. कापसाचे फार वाईट दिवस होते ते. अर्धी बोंडं अळी खायची आणि उरलेल्या कापसाला भाव नसायचा. आमच्या पुढच्या खोलीत कापसाचा ढीग शिमगा उलटून गेला तरी तसाच पडून होता, आज भाव चढेल, उद्या चढेल म्हणून. त्या ढिगाच्या बाजूनं अंग चोरून जावं लागायचं आणि तरी अंगाला खाज सुटायचीच. अशा साली लोक आनंदाची बातमीसुद्धा हळू आवाजात सांगत. सासूबाईंना मात्र हळू आवाज देवानं दिलाच नव्हता.

दवाखान्यात भिंतीवर मोठी पाटी होती, मुलगा की मुलगी ते इथं सांगितलं जात नाही, तो गुन्हा आहे, अशा अर्थाची. सासूबाईंनी ती अक्षर-अक्षर लावत मोठ्यानं वाचली. सगळं बाकडं ऐकत होतं. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "बरं हाय. कायले पाह्यजे आधीच समजाले?" आणि पदरानं वारा घेत बसल्या. माझ्याच्यानं बसवत नव्हतं. मी भिंतीला धरून उभी होते आणि पाच गिलास पाणी माझ्याशी भांडत होतं.

डॉक्टरीण बाई समजूतदार होत्या. सासूबाई दारातून डोकावतच राहिल्या म्हणून त्यांनाही आत बोलावलं. माझ्या पोटावर काहीतरी थंडगार चिकट ओतलं, तशी मी किंचाळले. मग ते मूठभर यंत्र पोटावरून फिरायला लागलं आणि पडदा उजळला. मी डोळे फाडून पाहायला लागले. काही नाही! नुसतं करडं-करडं, हलणारं.

"माय वो," सासूबाई म्हणाल्या, "हे तं आपल्या टीव्हीवर मुंग्या येते तसं दिसून राह्यलं."

डॉक्टरीण बाई हसल्या. म्हणाल्या, "एक ध्यानात ठेवा. पांढरं दिसतं ते हाड. काळं दिसतं ते पाणी. बाकी सगळं त्याच्या मधलं. आता पाहा."

एवढं एक वाक्य, आणि काय सांगू, डोळेच उघडले! त्या करड्यातून एक गोल पांढरी रेघ निघाली आणि ते डोकं झालं. खाली बारीक पांढरे ठिपके ओळीनं लागले आणि ती पाठ झाली. सासूबाईंनी बोटानं ठिपके मोजायला सुरुवात केली, अकरापर्यंत गेल्या तोवर लेकरानं कूस बदलली. "अरे! फिरलं ना!" त्या अशा ओरडल्या की बाहेरची नर्स धावत आली. मग काळ्या पाण्यात एक हात वर आला. पाच बोटांचा हात. तो तोंडाकडे गेला. आणि छातीत, पांढऱ्या फासळ्यांच्या मध्ये, काहीतरी उघडमीट, उघडमीट करत होतं. डॉक्टरीण बाईंनी सांगायच्या आधीच मी ओरडले, "हृदय!"

मी रडत होते. आनंदानं, आणि खरं सांगायचं तर लघवीनंही. सासूबाई पडद्याला हात लावायला गेल्या, तेव्हा नर्सनं त्यांना मागं ओढलं. "लय टुकटुक करून राह्यलं वो," त्या म्हणाल्या, "जसं काही त्यालेच आपल्याले पाहाची घाई हाय."

मग डॉक्टरीण बाई मोजायला लागल्या. डोक्याच्या या कडेला एक छोटी खूण, त्या कडेला दुसरी, की मशीन आपोआप माप सांगणार. पोटाचा घेर, मांडीचं हाड. मांडीचं हाड साडेतीन सेंटिमीटर! मी मनात आपल्या करंगळीशी ताडून पाहिलं आणि मला हसू आलं. पण त्यांनी परत मोजलं. मग तिसऱ्यांदा मोजलं. माझं कार्ड हातात घेतलं.

"शेवटची पाळी कधीची?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या. "दसऱ्यानंतर दोन दिवसांनी. त्या दिवशी आमच्या घरी सीतादही होती अन् हे बाजूले बसली होती. म्या कशी विसरीन?"

"पक्कं?" डॉक्टरीण बाईंनी मला विचारलं.

मी मान हलवली. नर्सबाईंनी कार्ड भरलं तेव्हाही हलवली होती, आताही हलली. मान मेली माझी, तिला सवयच तशी.

"मग हे तीन आठवड्यांनी लहान आहे," त्या म्हणाल्या. "तारखेनं चोवीस आठवडे व्हायला पाहिजेत. माप एकवीसचं येतंय. या महिन्यात मशीन आठ-दहा दिवस इकडं-तिकडं करतं, तीन आठवडे नाही. पाणी चांगलं आहे, वार चांगली आहे, ठोके चांगले. पण तारीख खरी असेल, तर बाळ नीट वाढत नाही असा त्याचा अर्थ होतो." मग आमचे चेहरे पाहून आवाज खाली आणला. "एकदा मोजून कळत नाही. एका फोटोवरून माणूस चालतोय की उभा आहे ते कळतं का? तीन आठवड्यांनी परत मोजू. तेवढ्या दिवसांत किती वाढलं ते पाहू. मग ठरवू."

परतीच्या जीपमध्ये सासूबाईंनी ड्रायव्हरला एकदाही हळू चालव म्हटलं नाही. मी पोटावर हात ठेवून बसले होते आणि माझ्या डोक्यात नुसतं साडेतीन, साडेतीन चाललं होतं.

आता ती सीतादही काय आणि मी बाजूला कशी बसले, ते सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

आमच्या भागात कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी शेतात पूजा करतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, एका चांगल्या झाडाखाली सात खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा. मग तो दहीभात शेतात चारी अंगांना उडवायचा, आणि घरच्या लक्ष्मीनं पहिलं बोंड वेचायचं. तीच सीतादही. घरात नवी सून आली असेल तर पहिलं बोंड तिच्या हातचं. माझं ते पहिलंच साल. कापसाचं साल वाईट, म्हणून सासूबाईंना ती पूजा फारच नेमानं करायची होती. आणि मी? मी आदल्या दिवशी विहिरीवर बायांचं बोलणं ऐकलं. "उद्या पाहू बाप्पा शहरची सून बोंड कशी वेचते! बोटं सोलून घेते तं!" आणि ही ही ही.

मला कोणी हसलेलं खपत नाही. तेव्हा तर मुळीच खपत नव्हतं. बोंडाच्या वाळलेल्या टरफलाची टोकं नखात घुसतात हे मला ठाऊक होतं, आणि वेचणाऱ्या बायांच्या रांगेसमोर मी तिथं 'आई गं' करणार हेही ठाऊक होतं. मी काय तमाशा आहे? सकाळी मी सासूबाईंना सांगून टाकलं, "आई, मला कावळा शिवला." साफ खोटं! खरी पाळी आठवडाभर आधीच, नवरात्रात माहेरी असताना होऊन गेली होती. ते इथं कोणाला माहीत? मला चार दिवस बाजूची खोली मिळाली. ताट दारात येत होतं. मी माहेरून आणलेली मासिकं वाचत पडले आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होते.

सासूबाई त्या दिवशी एकट्या शेतात गेल्या. जाताना पायातली वहाण त्यांनी ज्या जोरानं आपटली, ते मी आतून ऐकलं.

मग दिवाळसणाला मी माहेरी गेले आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिथं खरी पाळी आली. तीच शेवटची. तेही इकडं कोणाला माहीत नाही. पुढं दिवस राहिले, तेव्हा सासूबाईंनी आपल्या आठवणीतली तारीख सगळ्यांना ठणकावून सांगितली, आणि मी काय म्हणणार? पूजेच्या दिवशी तुमच्याशी खोटं बोलले म्हणून? मला वाटलं, काय फरक पडतो. लेकरू काय कार्ड वाचून येतं?

सोनोग्राफीहून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी घरातलं कॅलेंडर खाली काढलं. दसरा अधिक दोन दिवस. भाऊबीज अधिक एक दिवस. बोटं ठेवून मोजलं. एकदा, दोनदा, पाच वेळा मोजलं. एकवीस दिवस! बरोबर एकवीस. तीन आठवडे!

मी अक्षरशः उडी मारली, सहा महिन्यांचं पोट घेऊन. लेकरू लहान नव्हतं, लहान माझी लाज होती! जितकं असायला पाहिजे तितकंच होतं ते, दिवसाला दिवस, बोटाला बोट. आणि त्या मशीननं, त्या मुंग्यांच्या पडद्यानं, मांडीचं एवढंसं हाड मोजून माझं खोटं पकडलं होतं! मला इतका आनंद झाला की मी कापसाच्या ढिगावर आडवी झाले आणि खाजेची पर्वा न करता हसत राहिले.

तेवढ्यात सासूबाई आत आल्या. मला वाटलं, आता सांगून टाकावं. तोंड उघडलंही. पण त्याच माझ्याजवळ खाली बसल्या. ती बाई अशी कधी बसत नसे.

"पोरी, एक सांगू तुले? रागावजो नोको." त्यांचा आवाज हळू होता. त्यांचा! "सीतादहीच्या दिवशी म्या तुले लय बोलली. तोंडानं नाही, मनातल्या मनात. शेतात एकटीच खडे मांडून राह्यली होती ना, तं मनात आलं, आजच्याच दिवशी बरी बसली बाजूले, हिच्या हातचं काही वाढाचं नाही. असं म्हनलं म्या. देवीच्या पुढं म्हनलं. अन् पाह्य, लेकरू वाढून नाही राह्यलं."

त्या पुढं म्हणाल्या, "म्या दही सोडलं. लेकराचं माप भरल्याबिगर दही नाही खात."

आता हे समजायला सासूबाई माहीत पाहिजेत. त्यांचं जेवण म्हणजे दही. भाकरीवर दही, भातावर दही, वरून नुसतं वाटीभर दही. चैत्रातलं ऊन तापायला लागलं होतं, दुपारी घरात बसवत नव्हतं, आणि या बाईनं दही सोडलं होतं. माझ्या खोट्यासाठी! मला तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले. मला माझाच इतका संताप आला की आजही येतो.

नवऱ्याला सांगितलं. तो आधी पोट धरून हसला, मग गंभीर झाला, मग म्हणाला, "तूच सांग बाप्पा. म्या सांगतलं तं आई मलेच घराबाहेर काढन, की तुले माहीत होतं अन् तू कायले चूप राह्यला." शूर माणूस!

मग वाटलं, निदान डॉक्टरीण बाईंना फोन करावा. गावात एकच एसटीडी, आणि ती चालवणारे माझ्या चुलतसासऱ्यांचे मित्र. काचेचा दरवाजा होता, पण काचेला वरून फट होती आणि बाहेर चार माणसं रांगेत. मी नंबर लावला. पलीकडे बाई म्हणाली, "बोला." मी म्हटलं, "ती तारीख चुकली आहे." "कोणती तारीख?" मी इकडं-तिकडं पाहिलं. "ती तारीख, हो!" "अपॉइंटमेंटची?" "नाही, त्याच्या आधीची!" ती वैतागली. म्हणाली, दिलेल्या दिवशी या. मी फोन ठेवला. बाहेर एसटीडीवाले काका प्रेमानं म्हणाले, "काय वो सूनबाई, लग्नाची तारीख काढून राह्यले का कोणाच्या?"

ते तीन आठवडे सासूबाई मला चारत होत्या. डिंकाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी, सकाळ-संध्याकाळ दूध, आणि दुपारी मला समोर बसवून वाडगाभर दहीभात. स्वतः वरण-भाकरी घ्यायच्या आणि माझ्या वाडग्याकडे पाहायच्या नाहीत. मी एकदा घास पुढं केला, तर हात झटकला. "खाय! माह्या तोंडाकडे नोको पाहू." लेकरू आत लाथा मारत होतं. मजेत होतं. मीच त्याला सांगत होते की थांब, तुझी आई भित्री आहे, पण सांगेल.

तीन आठवड्यांनी परत जीप. या वेळी पाणी मी यवतमाळला उतरल्यावर प्यायले, तेवढी अक्कल आली होती. सासूबाईंनी उन्हाचं म्हणून माझ्यासाठी डबा घेतला होता, दहीभाताचाच.

पडदा उजळला आणि या वेळी मी आपणहून वाचायला लागले. हे डोकं. हे पोट. हा पाय, गुडघ्यात मुडपलेला. ते काळं, ते पाणी. डॉक्टरीण बाई कौतुकानं हसल्या. मांडीच्या हाडाला दोन खुणा लागल्या.

"सव्वाचार!" त्या म्हणाल्या. "छान. तीन आठवड्यांत पुरे तीन आठवडे वाढलंय. चाल एकदम चांगली आहे." आणि मग कपाळाला आठी घातली. "पण तारखेच्या अजून तीन आठवडे मागंच. आजी, आज तुम्ही नीट आठवून सांगा. आता सगळं त्या तारखेवर आहे. तारीख खरी असेल, तर बाळ लहान आहे, मी शेवटपर्यंत वाट पाहणार नाही, आधीच काढायला लागेल, नागपूरला. आणि तारीख चुकली असेल, तर मी चांगलं वाढणारं लेकरू कच्चंच काढून ठेवीन. कळतंय ना?"

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. चेहरा उतरलेला, पण मान ताठ. "तारीख पक्की हाय, बाई. सीतादहीची आण घेऊन सांगतो. नागपूर तं नागपूर, पण लेकरू वाचवा."

सीतादहीची आण! मी टेबलावर उठून बसले. पोटावरचं चिकट पातळावर ओघळलं, पडद्यावरचं लेकरू गेलं, आणि मी ओरडले, "आई, खोटं बोलले मी! सीतादहीला मला काही झालं नव्हतं. मला बोंड वेचायची भीती वाटली, बाया हसतील म्हणून! पाळी दिवाळीत आली, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, माहेरी! लेकरू लहान नाहीये, आई! तुमच्या बोलण्यानं काही झालं नाही! मीच खोटारडी आहे!"



डॉक्टरीण बाईंनी खणातून एक कागदी गोल चकती काढली, भाऊबीजेची तारीख कॅलेंडरवर पाहिली, चकती फिरवली. "चोवीस आठवडे," त्या म्हणाल्या. "आणि मशीन काय म्हणतं? चोवीस." मग चकती माझ्या गुडघ्यावर आपटली. "वेडी आहेस का गं तू? मी तुझं लेकरू तीन आठवडे आधी काढणार होते!"

सासूबाई माझ्याकडे पाहतच नव्हत्या. डॉक्टरीण बाईंना त्यांनी एकच विचारलं. "लेकरू बरं हाय?"

"एकदम बरं."

"माप भरलं त्याचं?"

"पुरतं भरलं, आजी."

त्या स्टुलावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मीही रडले. नर्सनं दोघींना पाणी दिलं, आणि माझ्या पोटात आधीचंच इतकं होतं की मी नको म्हटलं.

बाहेर आलो तर बाकावरच्या एका बाईनं उत्सुकतेनं विचारलं, "काय निघालं वो?"

"लेकरू निघालं!" सासूबाई कडाडल्या. "अन् सून खोटारडी निघाली!" सगळं बाकडं माझ्याकडे पाहायला लागलं.

जीपमध्ये बसलो. मी दोनदा "आई" म्हटलं, त्यांनी दोनदा खिडकीबाहेर पाहिलं. ऊन असं होतं की पत्रा हाताला चटके देत होता. रस्ता आमच्या शेताजवळून जायचा. तिथं आल्यावर त्या एकाएकी ओरडल्या, "थांबव रे!" आणि मला दंडाला धरून खाली उतरवलं. ड्रायव्हर म्हणाला, "काकू, उन्हात कुठं?" "दोन मिनिटं थांब. पैसे देतो ना तुले, फुकट नाही नेत."

शेत मोकळं होतं. पऱ्हाटी उपटून झालेली, ढेकळं तापलेली. फक्त धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला पाच-सहा झाडं उभी राहिली होती, आणि त्यातल्या एकाखाली सात खडे होते, कुंकू कधीच उडून गेलेले. सासूबाईंनी माझ्या हातात डबा दिला.

"उडव."

"आई, आता? चैत्रात?"

"तुही पूजा राह्यली होती ना? मंग कर. माह्याही डोक्यावरचं उतरू दे." मग त्या खड्यांपुढं बसल्या आणि हात जोडून, मोठ्यानं, अगदी आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "माय, म्या जे म्हनलं होतं ते वापस घेतलं. ही पोट्टी खोटी, पण हिच्या हातचं वाढते वो. साडेतीनचं सव्वाचार झालं."

मी दहीभात उडवला, चारी अंगांना, तापलेल्या मातीवर. मग त्यांनी झाडाकडे बोट दाखवलं. वेचणीत राहून गेलेलं एक बोंड होतं, मळकट, धुळीनं भरलेलं. मी बोटं घातली. टरफलाचं टोक सरळ नखात गेलं. "आई गं!" मी किंचाळले, आणि अर्धा कापूस बोंडातच राहिला.

जीपमधले सगळे माना बाहेर काढून पाहत होते. कोणीतरी खुसखुसलं. आणि सासूबाई हसायला लागल्या. पदर सावरत, डोळे पुसत, धुऱ्यावर मटकन बसून हसत होत्या. "असं वेचते का वो कोनी! कोंबडीची पिसं उपटून राह्यली का तू!" ज्याच्या भीतीनं मी एवढा सगळा घोळ घातला, तेच चालू होतं, भर रस्त्याच्या कडेला, जीपभर लोकांसमोर. आणि मला इतकं बरं वाटत होतं की मीही त्यांच्याशेजारी बसून हसले.

मग त्या थांबल्या. डबा माझ्याकडून घेतला, तळाशी उरलेला दहीभात बोटांनी गोळा केला आणि खाल्ला. डोळे मिटून, सावकाश. डब्याला लागलेलं दहीसुद्धा पुसून पुसून खाल्लं.

"ऐक," बोट चाटत त्या म्हणाल्या. "पुढच्या साली यायचं नसन तं सिधं सांगजो, मले नाही यायचं. म्या चार शिव्या देईन. पण माह्या नातवंडाचं माप नोको बिघडवू."

तिकडं ड्रायव्हरनं हॉर्न दाबला, एकदा, दोनदा, मग धरूनच ठेवला. सासूबाई कमरेवर हात ठेवून उठल्या आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडल्या, "थांब ना रे बाप्पा! सून पहिला वेचा करून राह्यली!"